टपावरची झूल

प्रभाकरराव गिरडच्या बसमध्ये बसून गेले आणि अर्ध्या तासाच्या आत रूपरावांनी त्यांच्या मोटारीच्या टपाला अंगठा लावला.

लावायचा नव्हता. रंग वाळला का, एवढंच पाहायचं होतं. वाळला नव्हता. अंगठा उचलला तेव्हा हिरव्या टपावर तो इतका स्वच्छ उमटला होता की खरेदीखताला चालला असता.

मोटार प्लास्टिकची होती, वीतभर लांब. रूपराव झाडे यांचे जावई प्रभाकरराव नागपूरला एका कारखान्यात नकाशे काढत. त्यांच्या साहेबांनी परदेशातून आणलेला सुट्या भागांचा खोका त्यांना मिळाला, आणि चार महिने चिमट्यानं एकेक तुकडा चिकटवून त्यांनी ही मोटार उभी केली. पोळ्याला सासुरवाडीस आले तेही तिला मांडीवर घेऊन. काल समुद्रपुरात, सासऱ्यांच्या घरी बसून त्यांनी रंगाचा शेवटचा हात दिला, मोटार फडताळात ठेवली, आणि आज सकाळी, 'कोणीही हात लावायचा नाही,' असं सांगून ते मित्राबरोबर गिरडच्या दर्ग्याला गेले. संध्याकाळी परत येणार होते.

जावई तसे चांगले होते. फक्त रुसत. दीड वर्षापूर्वी त्यांची अशीच एक मोटार पाहून रूपरावांनी कौतुकानं विचारलं होतं, "हे खेळणं कोणासाठी जी?" प्रभाकरराव जेवणावरून उठले आणि सायंकाळच्या बसनं निघून गेले. तेव्हापासून ते आले नाहीत आणि त्यांची बायको, रूपरावांची लेक कांताही नाही. या पोळ्याला दोघं आले, कारण कांताला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं कांताच्या आईच्या, रुख्माबाईंच्या मनात होतं. नागपूरकरांच्या मनात नागपूरचा दवाखाना होता. "उद्या निघताना सांगतो," असं जावई म्हणाले होते, आणि तोवर कांताची पेटी कुलूप न काढता तशीच खाटेखाली होती.

"काय करून राह्यले तिथं?" रुख्माबाईंनी चुलीजवळून विचारलं.

"काई नाई."

"काई नाई म्हंता तं हात मागं काऊन लपवला?"

कांता उठून आली, तिनं टपाकडे पाहिलं, मग बापाच्या हिरव्या अंगठ्याकडे. "बाबा, चोर बी हातमोजे घालते," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. "आता माही पेटी उघडतच नाई."

रूपराव हायस्कुलात ग्रंथपाल होते. माणसांना काही विचारायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडे. पुस्तकाला विचारताना पडत नसे. शाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असत. ते गेले आणि गृहोपयोगी सूचनांचं एक पुस्तक घेऊन आले. त्यात पान एकशे बारावर लिहिलं होतं : तेलरंगाचा डाग रॉकेलच्या बोळ्यानं हलक्या हातानं टिपावा. ते सुती कपड्यांबद्दल होतं, पण रूपरावांनी तळटीप पाहिली नाही. त्यांनी हलक्या हातानं टिपलं. अंगठा गेला. त्याच्याबरोबर शेजारचा हिरवा गेला, आणि ती कड जुळवता जुळवता टप संपला. खाली पांढरं प्लास्टिक निघालं, सोललेल्या अंड्यासारखं.

"पुस्तकात पुढं काय लिवलं?" रुख्माबाईंनी विचारलं.

"पुढं शाईचे डाग आहे."

"मंग थेबी पाडून घ्या."

आता माणसाकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. गावात रंगारी एकच, चिंधू. तो लाकडी बैल करी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून मारुतीच्या पटांगणात तोरणाखाली आणतात. म्हणजे वर्षातला नेमका हाच दिवस चिंधूला श्वास घ्यायला सवड नसायची. रूपराव धोतराच्या सोग्यात मोटार झाकून पोचले, तेव्हा त्याच्या ओसरीत तीस बैल रांगेनं उभे होते आणि भोवती दोन शेगड्या धगधगत होत्या. भाद्रपदाची ओल, रंग वाळेना, म्हणून.

"मास्तर, हा कोणता बैल?"

"मोटार आहे. जवायाची. टप रंगवून पाह्यजे. असाच हिरवा."

चिंधूनं मोटार उलटीपालटी केली. "शिंगाले लावतो थो हिरवा आहे माह्याजवळ. तंतोतंत. पर घाई करू नका. दुपारी या."

"संध्याकाळी जवाई येते, चिंधूभाऊ."

"या म्हंतलं ना. मी काय मोटार घेऊन पळून राह्यलो?"

दुपार उलटल्यावर रूपराव गेले. रंग खरोखर तंतोतंत होता. मग त्यांनी मोटार बाजूनं पाहिली. टप मधोमध खाली बसला होता, ओझं वाहून थकलेल्या बैलाच्या पाठीसारखा.

"हे असं..."

"शेगडीजवळ ठेवली होती बाकीच्याईसंगं," चिंधू म्हणाला. "लाकडाले काई होत नाई हो. हे लाकूड नाई हे तुमी सांगाले पाह्यजे होतं."

रूपरावांना पुष्कळ बोलायचं होतं. ते म्हणाले, "हो, माहंच चुकलं."

"असू द्या. पोचा झाकून देतो." चिंधूनं डब्यातून लाल मखमलीचा तुकडा काढला, त्याला सोनेरी बेगडाची किनार लावली आणि टपावर झूल चिकटवली. ती इतकी चपखल बसली की रूपरावांना 'नको' म्हणायला फटच सापडली नाही. ती शोधेपर्यंत चिंधूनं बारीक कुंचला घेऊन पुढच्या दोन्ही दिव्यांत काळी बुबुळं काढली होती.

"हे कायले?"

"माह्या दारातून डोळे काढल्याबिगर काईच बाहीर जात नाई, मास्तर. बापापासून नेम आहे. आंधळं जनावर मी कोणाच्या घरी धाडू का?"

मोटार आता रूपरावांकडे पाहत होती. तिची नजर थोडी तिरळी आणि बरीच गरीब होती. त्यांनी तिला छातीशी धरलं आणि मागच्या गल्लीनं निघाले. मागची गल्ली चिखलानं बंद होती. उरला रस्ता मारुतीच्या पटांगणातून, आणि पटांगणात तोरण बांधलेलं, पोरांची रांग लागलेली, मायक्रोफोनपुढे नत्थूजी उभे. नत्थूजी दरसाल नंबर काढीत. त्यांच्या नजरेतून कधी कोणी सुटलं नव्हतं.

"या, या, मास्तर," भोंग्यातून आवाज आला. "लाजता काऊन? लावा लायनीत."

"नाई जी, मी आपला घरी..."

"वयाची अट नाई. झूल आहे, डोळे आहे, चाकं आहे. लावा."

दोनशे माणसं वळून पाहू लागली. दोनशे माणसांसमोर 'नाही' म्हणण्यापेक्षा रूपरावांना रांगेत उभं राहणं सोपं वाटलं. त्यांच्या अलीकडे सात वर्षांचं पोर, पलीकडे पाच वर्षांचं. मधे छप्पन वर्षांचे रूपराव, मोटारीची दोरी धरून. दोरी कोणी बांधली ते त्यांना कळलं नाही.

गिरडची संध्याकाळची बस पटांगणाच्या कडेलाच थांबते. ती थांबली. प्रभाकरराव उतरले. खेळणं म्हटलं म्हणून दीड वर्ष; आता तर खेळण्यांच्याच रांगेत उभी केली होती. कांताची पेटी बसच्या टपावर चढताना रूपरावांना डोळ्यांपुढे स्वच्छ दिसली.

"आपल्या गावचे जवाई आले," भोंगा म्हणाला. "नागपूरचे इंजिनेर. त्याईच्या हातानं बक्षीस द्याचं. या, जवाईबुवा."

प्रभाकररावांनी आपण इंजिनिअर नसल्याचं सांगितलं नाही. गळ्यात हार पडला, कपाळाला गुलाल लागला, आणि ते नत्थूजींबरोबर एकेक बैल पाहत रांगेनं आले. रूपरावांसमोर थांबले. सासऱ्याकडे पाहिलं. दोरीकडे पाहिलं. मोटारीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"माझं चुकलं," रूपराव पुटपुटले. "अंगठा लागला. मग रॉकेल. मग शेगडी..."

"हे कोणं बनवलं, मास्तर?" नत्थूजींनी मोठ्यानं विचारलं.

"जवाईबुवांनी," रूपराव म्हणाले. "आतलं सगळं त्याईनंच. चिमट्यानं. चार महिने लागले."

भोंग्यानं ते गावाला सांगितलं, आणि गावानं टाळ्या वाजवल्या. पुष्कळ वाजवल्या. कारखान्यात, घरात, कुठेच प्रभाकररावांच्या मोटारींना टाळी पडली नव्हती. त्यांचा चेहरा लाल झाला; गुलालामुळे की कशामुळे, ते रूपरावांना ठरवता येईना.

मोटारीला दुसरा नंबर मिळाला. स्टीलचा पेला. पहिला नंबर एका काळ्या बैलाला गेला, ज्याचा एक कान मोडका होता.

घरी रुख्माबाईंनी ताट वाढलं, जावई जेवेनात. रूपराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. कांता खाटेवर बसून होती आणि पेटी अजून खालीच होती.

"रुसले," रुख्माबाई कुजबुजल्या. "हात लावला तुमी, आता भोगा."

"मामाजी," प्रभाकरराव अखेर म्हणाले, "हा नत्थूजी माणूस कसा आहे?"

"चांगला आहे. काऊन जी?"

"त्याला विचारलं, पहिला नंबर काऊन नाही दिला. म्हणते, मोटारीले शिंगं नाई." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्राच्या कडेला मोटारीचं तोंड काढलं. "कान मोडका चालते, शिंगं नाही चालत. हा काय न्याय झाला? मी असं सोडणार नाही. आपण पुढच्या वर्षी बघू."

"आपण?" रूपरावांनी विचारलं.

"दोरी तुमच्याच हाती पाहिजे, मामाजी. तुम्ही रांगेत चांगले दिसता." त्यांनी दोन शिंगं काढली, पुसली, जरा रुंद केली. "कांता राहू दे इथंच बाळंतपणाला. मी दर शनिवारी येत जाईन, सोमवारी सकाळी जाईन. चिंधूजवळ काम शिकायचं आहे. यावेळी मात्र आठ दिवसांची रजा टाकतो."

मग त्यांनी ताट पुढे ओढलं आणि आणखी एक पुरणपोळी मागितली.

कांतानं पेटीचं कुलूप काढलं. रुख्माबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बोटांवर शनिवार मोजू लागल्या. बाळंतपणापर्यंत दोन्ही हातांची बोटं संपली. पुरणाच्या पातेल्यात डोकावून त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "म्या देवाले बाळंतपणापुरती पोरगी मांगतली होती. त्यानं संगं जवाईबी ठेवून घ्याले सांगतलं."