वरच्या डेकवर बारा जण

भार म्हणजे काय ते मला विचारा! विमानाचा तोल सांभाळण्यात अख्खी नोकरी गेली माझी, सरकारी कंपनीत, इथंच बेंगळूरात. त्यामुळे गुंडोअण्णांच्या पंचाहत्तरीला देवनहळ्ळीपलीकडच्या तलावात दुमजली मोटरबोट ठरली, तेव्हा सुरक्षेचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. गुंडोअण्णा म्हणजे आमच्या हिचे, शुभदाचे काका. इथल्याच शिवाजीनगरचं जुनं घराणं, माणसं भरपूर आणि एकेक माणूसही भरपूर!

"सार, मेले बारा जणच हां," बोटवाला मोहनकुमार वरच्या डेककडे हात करत म्हणाला. त्याच्या कन्नडात मेले म्हणजे वर.

"सरी! मी आहे ना!" मी छाती फुगवली.

मी खाली एका काकूंच्या लाइफ जॅकेटचा पट्टा त्यांच्या कमरेभोवती पोचतोय का ते बघत होतो, तेवढ्यात वर कुणीतरी ओरडलं, "केक!" झालं! सगळा गोतावळा जिना चढून वर. बोट झिंगल्यासारखी डुलायला लागली.

मी धावत वर गेलो. वीस-बावीस माणसं! मी विमानतळावरच्यासारखा खणखणीत आवाज लावला,

"वर भार जास्त झालाय! ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी खाली चला!"

एक जण हलेल तर शपथ! यल्लव्वाअक्का, गुंडोअण्णांच्या पत्नी, दोन खुर्च्या व्यापून बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं.

"कुणाला म्हणतायत हो जावई?"

मी शास्त्रीय माणूस. लगेच सूचना सुधारली.

"बरं, हलके असतील त्यांनी चला!"

आणि सगळेच उठले! यल्लव्वाअक्का सर्वांत पुढे! अख्खी पंचाहत्तरी जिन्याच्या बाजूला आली आणि बोट त्या अंगाला अशी कलली, की केक घसरत थेट गुंडोअण्णांच्या मांडीवर!

"एल्ला कूतकोळ्री!" सगळे बसा, अशी मोहनकुमारनं इंजिन बंद करून बोंब ठोकली.

मी एका हातानं कठडा धरला आणि पुन्हा तोच विमानतळाचा आवाज लावला.

"आहात तिथं खाली बसा! जिन्याजवळचे सरकत मधे या. कुणी उभं राहायचं नाही!"

सगळे फतकल मारून बसले, सरकले. बोट हळूहळू सरळ झाली. मग मी एकेकाला हात धरून उतरवलं. पहिला हात अर्थातच बायकोचा. "शुभदा, आधी तू!" वर बारा उरले तसा थांबलो.

काठावर काय टाळ्या! गुंडोअण्णांनी क्रीमच्या हातांनी मला मिठी मारली. "जावई असावा तर असा!" मोहनकुमारनं सलाम ठोकला. एवढा अभिमान तर मला आमच्या विमानाच्या पहिल्या उड्डाणालाही वाटला नव्हता!

फक्त शुभदानं टाळी वाजवली नाही.

"काय गं, भ्यालीस?"

"एवढ्या माणसांतून सगळ्यांत आधी मलाच उतरवलंत," ती म्हणाली. "यल्लव्वाअक्का तिथं असताना!"

"अगं, काळजी म्हणून!"

"कळलं."

गाडीत ती मागच्या सीटवर जाऊन बसली. मी पुढचं दार उघडून उभा.

"नको," ती म्हणाली, "पुढं भार होईल."