भोयरजींची चूप

सकाळी आठ वाजता भोयरजी अपघात विभागाच्या दारात उभे राहायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "चूप!"

मग सगळं खरोखरच चूप व्हायचं. पंखे बंद, कूलर बंद, नळ बंद. सिस्टर टेलिफोनवर उशी दाबून धरायच्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या तोंडात चहाचा घोट असला, तर तो गिळायचा नाही, तसाच धरून ठेवायचा. कण्हणारे रोगीसुद्धा थांबायचे. का थांबलो ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भोयरजी गळ्यातल्या सुतळीची लोखंडी चावी काढायचे आणि भिंतीशी ओळीनं उभ्या असलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरांपाशी जायचे. एकेकाला चावीनं हलकेच ठोकायचे आणि कान लावायचे. भरलेलं सिलिंडर 'ठक्' करून गप्प बसतं. रिकामं 'टण्ण' करून बराच वेळ घुमत राहतं. दोन मिनिटांत एवढं उरकलं की "हां, चालू द्या" असं म्हणायचे आणि पंख्यांसकट सगळं जग पुन्हा सुरू व्हायचं. दुपारी चार वाजता पुन्हा हाच कार्यक्रम.

हा दवाखाना वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान शहरातला. नाव सांगत नाही, कारण तेव्हाची काही मंडळी अजून नोकरीत आहेत आणि त्यांच्या घरच्या लग्नांत मला जेवायला जायचं असतं. नव्वद सालानंतर मी तिथे भांडारात बाबू म्हणून लागलो. भोयरजी अपघात विभागाचे मुकादम होते. म्हणजे डॉक्टरकी सोडून बाकी सगळं त्यांच्याकडे. स्ट्रेचरच्या चाकाला तेल, जनरेटरला डिझेल, कूलरला पाणी, टॉर्चला सेल, पलंगाला धुतलेली चादर. डॉक्टर बदलून जायचे, सिस्टर बदलून जायच्या, भोयरजी तिथेच.

"डॉक्टर मानूस वाचवते, बाबूसाहेब," ते म्हणायचे. "पन डॉक्टरले उजेड कोन देते? हवा कोन देते? मीच देतो ना!"

सिलिंडरला मीटर असतं, त्यावर काटा असतो, काटा पाहिला की झालं, असं मी नवीन असताना त्यांना शिकवायला गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपला गुपचूप भांडारात परतलो.

"मीटर खोटं बोलते," मागून आवाज आला. "लोखंड नाई बोलत."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्या सिलिंडरांवर खडूनं नावं लिहिलेली असायची, आणि ती नावं मेलेल्या माणसांची असायची.

त्याचं असं, की ऑक्सिजन लावलेला रोगी दगावला तर सिलिंडरात थोडा ऑक्सिजन उरतो. दवाखान्यात तो पुढच्या रोग्याला लावतात, त्यात वावगं काही नाही. भोयरजी मात्र त्यावर गेलेल्याचं नाव लिहायचे. सिलिंडर संपून भरायला गेलं की नाव पुसायचे, तोवर नाही. "त्याच्या वाट्याची हवा होती, थोडी उरली," ते म्हणायचे. "वाया काऊन जाऊ द्याव? पन कोनाची आहे, हे तं मालूम पायजे."

एकदा सिंदीकडून दम्याचा एक रोगी आला. नवे डॉक्टर पुण्याचे. भोयरजींनी ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "रामचंद्र पाटील लावा ह्याले. दमदार आहे."

रोग्याच्या भावानं आदरानं विचारलं, "पाटीलसाहेब कुठं आहेत?"

"मंगयवारी मेले."

रोगी उठून बसला. त्याचा निम्मा दमा जागेवरच उतरला, असं लोखंडे सिस्टर अजूनही सांगतात. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याच महिन्यात बदलीचा अर्ज केला.

आता कोपऱ्यातल्या सिलिंडराबद्दल सांगतो.

ओळीपासून दूर, खिडकीखालच्या कोपऱ्यात एक जुनं सिलिंडर एकटंच उभं असायचं. काळं अंग, पांढरी मान, रंगाचे पोपडे उडालेले. त्यावर नाव नव्हतं. ते कधी कुणाला लावायचे नाहीत आणि कधी भरायलाही पाठवायचे नाहीत. सगळी ओळ ठोकून झाली की भोयरजी शेवटी त्याच्यापाशी जायचे. चावीनं एकदा ठोकायचे. ते रिकामं होतं, त्यामुळे खूप वेळ घुमायचं. ते घुमत असताना भोयरजी खाली वाकून हळूच एका बाईचं नाव घ्यायचे.

"वत्सला?"

मान कलती करून आवाज विरेपर्यंत ऐकायचे. मग म्हणायचे, "नाई." आणि उठायचे.

दुसऱ्या दिवशी "गिरजा?" तिसऱ्या दिवशी "चंद्रभागा?" रोज नवं नाव आणि रोज "नाई". भर सकाळी, लख्ख उजेडात, वीस माणसांदेखत हे चालायचं, आणि मला विचाराल तर म्हणूनच त्याची जास्त भीती वाटायची.

ह्या नावांसाठी भोयरजी काय काय करायचे! समोर बाई दिसली की, "माय, नाव काय तुमचं? आन मायचं? आन मावशीचं?" बाजारात एका भाजीवालीनं त्यांच्यावर तागडी उगारली होती. एक निवृत्त मास्तरीणबाई तक्रार घेऊन थेट दवाखान्याच्या साहेबांकडे गेल्या. दवाखान्यात तर बोलवा उठली की भोयरजींनी कोपऱ्यात जिचं नाव घेतलं, तिचं नाव एक दिवस ओळीतल्या सिलिंडरावर चढतं. हे ऐकल्यावर लोखंडे सिस्टरनी आपल्या सासूचं नाव त्यांना आपणहून दिलं, आणि आठवड्यानं आठवण म्हणून पुन्हा दिलं. सासूबाई पुढे नव्वदी गाठून गेल्या.

मी शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण माझ्या आईलाही दमा होता, आणि एके दिवशी भोयरजी भांडाराच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "बाबूसाहेब, तुमच्या मायचं नाव सांगजा बरं."

मी म्हणालो, "सरस्वती."

आईचं नाव सरस्वती नव्हतं. खोटं बोललो, कारण घाबरलो होतो. त्यात लाज कसली? दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात "सरस्वती?" झालं, "नाई" झालं, आणि भोयरजी सरळ माझ्या टेबलाशी आले.

"हे नाव तुमच्या मायचं नाई," ते म्हणाले. रागावले नव्हते, वाईट वाटल्यासारखे बोलत होते. "खऱ्या नावाले आवाज बसते. ह्याले बसला नाई."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो आणि त्याचा अर्थ लावायचं तुमच्यावर सोडतो. मे महिन्यात भोयरजी दोन दिवस रजेवर होते. दुपारी चारला वीज गेली. पंखे थांबले, कूलर थांबले. विभागात एकच म्हातारा रोगी होता, सिस्टर होत्या आणि मी चादरी मोजायला आलो होतो. कुणी काही म्हटलं नाही, तरी सवयीनं आम्ही सगळे चूप झालो. आणि कोपऱ्यातलं सिलिंडर वाजलं. अगदी हळू, एकदाच. टण्ण.

उन्हानं लोखंड तडतडतं, असं मी सिस्टरना समजावून सांगितलं. कोपरा सावलीत होता, हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्या म्हाताऱ्यानं सांगितलं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आमच्याकडे पाइपलाइन आली. पलंगाच्या डोक्याशी भिंतीतून ऑक्सिजन येणार, म्हणून विभागातली सगळी सिलिंडरं कंपनीला परत करायची. ओळीतली पंधरा गेली. कोपऱ्यातलं कंपनीनं नाकारलं. त्याची तपासणीची मुदत कधीच टळून गेली होती. त्याला भंगारात काढायचा कागद माझ्या टेबलावर आला; सही माझी लागणार होती. मी पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात भोयरजी आत आले आणि खुर्ची असताना जमिनीवर बसले.

"सही करू नका," ते म्हणाले. "भंगारवाला कापते तिले."

"तिला?"

मग त्यांनी सांगितलं. मी लागण्याच्या आधीची गोष्ट. एका ट्रकवाल्यानं हमरस्त्यावरून एक बाई उचलून आणली होती. गाडीनं उडवून टाकलेली. जांभळं लुगडं, आणि सोबत मेथीच्या जुड्यांची टोपली. ट्रकवाल्यानं तीही आणली होती. श्वास तुटत होता. ह्याच कोपऱ्यातल्या सिलिंडरचं मीटर बिघडलेलं. नवं मागून सहा महिने झाले होते, आलं नव्हतं. भोयरजींनी ठोकून पाहिलं. नेमकी त्याच वेळी दवाखान्यासमोरून वरात चालली होती.

"बँड वाजून राह्यला होता, बाबूसाहेब. मले वाटलं, ठक् झालं. भरलं आहे म्हून लावलं." त्यांनी गळ्यातली चावी मुठीत धरली. "ते घुमत होतं. मले ऐकू नाई आलं. मंग ध्यानात आलं, धावत गेलो, दुसरं आनलं. तोवर झालं होतं."

मी म्हणालो, "भोयरजी, एवढा मार लागलेला. ती तशीही..."

"डॉक्टरबी हेच म्हने. पन त्यायले तरी का मालूम?"

ओळख पटवायला कुणी आलं नाही. कागदावर 'अनोळखी स्त्री' लागलं. मेथीच्या जुड्यांवर भोयरजी तीन दिवस पाणी शिंपडत राहिले. कुणी घरचं आलं तर माल सुकलेला दिसायला नको, म्हणून. चौथ्या दिवशी मेथी सडली.

"सगळ्यायचं नाव लिहिलं मी," ते म्हणाले. "जिचं लिहाले पायजे, तिचंच नाई मालूम."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला भीत आलो होतो. तो लांबून येताना दिसला की फाइलीत डोकं खुपसत होतो. मला माझीच फार लाज वाटली. वाटलं, उठून त्यांच्या पायाशी बसावं. पण बाबूला शेवटी एकच गोष्ट येते. मी तो कागद फाडला आणि दुसरा केला. आष्टीकडच्या एका खेड्यातल्या मुलींच्या शाळेला घंटा हवी होती. त्यांच्याकडून अर्ज मागवला आणि 'निकामी सिलिंडर शाळेस घंटेकरिता देणे' असा शेरा मारला. साहेबांनी न वाचता सही केली. सिलिंडरचा बुंधा कापला, तेव्हा भोयरजी शेजारी उभे होते. दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले, आणि त्यांनी त्याच खेड्यात खोली घेतल्याचं कळलं. बायको नाही, मूल नाही. कुठे राहायचं हे विचारायला कुणी नव्हतंच.

दोनेक वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. भोयरजी शाळेच्या ओट्यावर बसले होते. गळ्यात तीच चावी. समोर कडुनिंबाला ती घंटा टांगलेली, काळं अंग, पांढरी मान. मध्यंतरी माझी आई गेली होती, घरीच, झोपेत. कुणी विचारलं नसताना मी म्हणालो, "भोयरजी, आईचं नाव कौसल्या होतं."

त्यांनी मान कलती केली. "हां," ते म्हणाले. "हे खरं आहे."

मग उठले आणि चावीनं घंटा दिली. ती घुमत राहिली, पोरी धावत वर्गात गेल्या, आणि बाई हजेरी घ्यायला लागल्या. भोयरजी दाराशी वाकून ऐकत होते, कोपऱ्यातल्या सिलिंडरापाशी ऐकायचे तसेच, डोळे मिटून. प्रत्येक नावामागून "हजर!" येत होतं. नाव, हजर. नाव, हजर. मग बाई म्हणाल्या, "वैष्णवी," आणि उत्तर आलं नाही.

भोयरजींनी डोळे उघडले आणि सायकल काढली.

"अहो, ऊन पाहा," मी म्हणालो. "एक दिवस नाही आली पोरगी, तर काय झालं?"

"काई झालं नसन," पायडलवर पाय ठेवत ते म्हणाले. "पन इचारा लागते ना, बाबूसाहेब. कोनीतरी इचारा लागते."

मी ओट्यावर बसून राहिलो. पाऊण तासानं सायकल परत आली. मागे कॅरिअरवर दप्तर पोटाशी धरून एक पोरगी बसली होती. धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवली होती तिला. भोयरजी तिला घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले.

"चूप!" ते म्हणाले.

वर्ग चूप झाला. कुणी न सांगता बाईंनी वही उघडली आणि पुन्हा नाव घेतलं, "वैष्णवी."

"हजर."

भोयरजींनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "हां, चालू द्या."