दोन सरकारं आणि एक सुई

पटकीची साथ गगनबावड्याकडं पोचली, त्याच आठवड्यात शाहूपुरीतल्या सिकंदरनं एक साधा निर्णय घेतला. टोचून घ्यायचं नाही. नाव सिकंदर, पण सुई बघितली की गडी पांढराफटक पडायचा. (बायकोनं गुंडी लावायला सुई काढली तरी हा ओट्यावर जाऊन बसायचा.)

पंचाईत अशी, की तो साथीच्या कचेरीतच कारकून होता, आणि तिथं सगळ्यांनी आधी टोचून घ्यायचा हुकूम होता. लस दिल्लीच्या सरकारची, जीप आणि नर्सबाया मुंबईच्या सरकारच्या. दिल्लीचे डॉक्टर म्हणायचे, आधी जीप दाखवा. मुंबईचे म्हणायचे, आधी लस दाखवा. दोघं एकाच व्हरांड्यात बसायचे, पण बोलायचे सिकंदरमार्फत. मग काय, सोयच झाली. त्यानं दिल्लीला सांगितलं, मला मुंबईनं टोचलं. मुंबईला सांगितलं, दिल्लीनं टोचलं.

घरी मात्र त्याची बायको जुलेखा जेवणाचं ताट तसंच सारून ठेवायची. तिची आई गगनबावड्याजवळ एकटी होती.

"जीप का जाईना?"

"दोन्ही सायबांचं जुळंना."

"मग जेवाय बोलवा की दोघास्नी. रस्सा वरपताना कोण भांडत न्हाय."

सिकंदरनं मनात हिशेब केला. दोघं समोरासमोर बसले म्हणजे आपलं काय? पण सासूबाईंचा चेहरा आठवला, आणि बायकोचा तर समोरच होता. त्यानं बोलावलं.

पांढऱ्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला जीप ठरली, तिसऱ्या वाटीला लस. पहाटे निघायचं. जुलेखानं डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात मुंबईचे डॉक्टर सहज म्हणाले, "सिकंदरला बरोबर घेऊ. तुम्ही त्याला टोचलंच आहे."

"मैंने? इंजेक्शन तो आपने दिया ना?"

पाणी आणायच्या निमित्तानं सिकंदर मागच्या दाराकडं सरकला. दारात जुलेखा उभी होती.

"बसा," ती म्हणाली. "माझी आई तिकडं साथीत बसलीया, आन् तुम्ही सुईला भ्यालासा व्हय?"

सिकंदर बसला. दिल्लीच्या डॉक्टरांनी त्याला मागून मिठी घालून धरलं, मुंबईच्यांनी टोचलं. पुढचं त्याला आठवत नाही.

पहाटे जीप निघाली, लस घेऊन, जुलेखालाही घेऊन. सिकंदरला सुईच्या तापानं मागं ठेवलं. जाताना दोन्ही साहेबांनी मिळून पहिल्यांदाच एक तार लिहिली: "केंद्र व राज्य यांच्या सहकार्यास कोल्हापुरात यशस्वी सुरुवात. कर्मचारी शुद्धीवर आला आहे."

ती तार पोस्टात न्यायचं काम, ताप असला तरी, अर्थातच सिकंदरकडं आलं, आणि तारमास्तरानं शब्द मोजता मोजता ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली.