सासऱ्यांच्या तीन मोटरी

‘आमचा मिक्सर मी स्वतः उघडून दुरुस्त केला,’ हे वाक्य मी सासरी जेवताना बोलायला नको होतं. (दुरुस्त केला म्हणजे उघडला, आत अडकलेलं खोबरं काढलं आणि बंद केला. पण जेवताना एवढ्या तपशिलात कोण शिरतं?)

माझे सासरे दिनानाथ हे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेन्टेनन्सचे साहेब होते. आता बदलापूरला असतात आणि इतर रिटायर साहेबांबरोबर तळ्यावर रिमोटच्या बोटी पळवतात. त्यांत शंकररावही असतात. हे त्याच कारखान्यात पर्चेसला होते आणि सासऱ्यांनी मागितलेला एकही पार्ट त्यांनी जन्मात वेळेवर आणला नाही. त्यामुळे निदान पाण्यात तरी शंकररावांना हरवायचं, एवढंच सासऱ्यांचं आता आयुष्यातलं ध्येय उरलं आहे.

नेमकं त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि डॉक्टरांनी बारीक काम बंद केलेलं.

“सुजितराव,” ते म्हणाले, “मिक्सर उघडलात म्हणता, मग माझं एक काम कराल? तीन मोटरी आहेत. ब्रशलेस. उघडा, साफ करा, बेअरिंग बघा आणि कुठली बसवायची ते सांगा. रविवारी शर्यत आहे.”

समोर बसलेली माझी बायको शलाका जोरजोरात नकारार्थी मान हलवत होती. मी म्हणालो, “त्यात काय, बाबा!”

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी पाण्याच्या ग्लासाशिवाय माझ्या हातात काही दिलं नव्हतं. (तोही देताना “सांभाळून” म्हणायचे.) आता माझ्या मतावर त्यांची बोट धावणार होती!

बारीक स्क्रू उघडायला उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून एक चिमुकला स्क्रूड्रायव्हर आणला. दुकानदाराने विचारलं, “साईं, घड़ी का काम करते हो?”

“नहीं. बोट का,” मी ऐटीत म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत घातला.

शनिवारी दुपारी डायनिंग टेबलवर मी कामाला बसलो.

“एकेक उघड,” शलाका म्हणाली.

आता, मी सरकारी नसलो तरी कारकून आहे. ऑफिसात फायली लावणं हेच माझं काम. आमच्याकडे कागद विषयवार लागतो. त्यामुळे तिन्ही मोटरी एकदम उघडून मी बेअरिंगं एका वाटीत, स्क्रू दुसऱ्या वाटीत आणि मधले फिरणारे लोहचुंबक तिसऱ्या वाटीत ठेवले. टेबल असं नीटनेटकं दिसत होतं की मी फोटो काढून सासऱ्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही. (डोळ्यांत थेंब घातले असतील, असं मी समजलो.)

मग लक्षात आलं की कुठलं बेअरिंग कुठल्या मोटरीचं, हे फक्त देवाला ठाऊक. तेवढ्यात वाटीतले तिन्ही लोहचुंबक एकमेकांना कडकडून भेटले. त्या भेटीत माझी करंगळी होती.

मी ओरडलो. शलाका हातातल्या उलथन्यासकट धावत आली आणि उलथनं जाऊन त्यांना चिकटलं. ते सोडवायला मी वाटी उचलली, तर वाटीसुद्धा बरोबर आली.

“सोड ना!” शलाका ओरडली.

“मी धरलेलंच नाहीये!”

शेवटी लाकडी लाटण्याने फट पाडून आम्ही तिघांना वेगळं केलं. त्या दिवशी पोळ्या झाल्या नाहीत.

जे हाताला येईल ते भरून मी तीन मोटरी पुन्हा उभ्या केल्या आणि तपासायला घेतल्या. पहिली फिरवली तर कुरकुरत, अडत अडत फिरली. आमच्या ऑफिसात जी माणसं काम करतात ती कुरकुरतातच. तिला चिठ्ठी बांधली, ‘उत्तम’. दुसरी महत्प्रयासाने हलली. गंभीर, पोक्त मोटर. ‘चांगली’. तिसरी मात्र नुसती टिचकी मारली तर आवाज न करता फिरतच राहिली. आमच्या ऑफिसातला सुयोग असाच आहे. दिवसभर फिरतो, काम शून्य. तिला मी ‘नापास’ची चिठ्ठी बांधली.

रविवारी सकाळी तळ्यावर सगळे साहेब टोप्या घालून हजर होते. सासऱ्यांनी माझी ‘उत्तम’ मोटर बसवून सरावाला बोट सोडली. ती गाढवासारखी ओरडली, चार हात गेली आणि जलपर्णीत मरून पडली. ती आणायला ऑफिसची पँट घालून आलेला मी गुडघाभर चिखलात उतरलो. मग ‘चांगली’ बसवली. या वेळी जळका वास आला आणि मी कमरेपर्यंत उतरलो.

“दिनानाथ, जावई पोहतो छान!” शंकरराव काठावरून म्हणाले. सासऱ्यांचा चेहरा बघवत नव्हता. मला खरोखर रडू येत होतं.

“तिसरी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“ती नापास आहे, बाबा.”

“का?”

“फार फिरते.”

सासऱ्यांनी काळा चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “सुजितराव, मोटर आहे ती.”

तिसरी बसवली. शिट्टी झाली आणि बोट अशी सुटली की शंकररावांची बोट अजून वळसा घेत होती तेव्हा आमची परत आलेली होती. सासरे लहान मुलासारखे नाचले. मग चक्क माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, “मंडळी, तुमच्या मोटरी आमच्या जावयाकडे तपासायला द्या. ते जिला नापास करतील ती डोळे मिटून बसवा. माणूस एकदाही चुकत नाही!”

शंकररावांनी लगेच पिशवीतून दोन मोटरी काढून माझ्या हातात दिल्या.

स्कूटरवरून अंबरनाथला परतताना मी मनाची समजूत घालत होतो. एकदम सुचलं.

“शलाका, आपलं लग्न ठरत होतं तेव्हा बाबांनी मला नापास केलं होतं ना?”

“साफ.”

“मग! नापास केलेलंच उत्तम निघतं, आज सिद्ध झालं.”

“अरे, तो नियम तू नापास केलेल्यांना,” मागून शलाका शांतपणे म्हणाली. “बाबांना तपासता येतं.”