मनोबल कक्षाचा आदर्श कर्मचारी

इजिप्तमधल्या तांता शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात मीटर वाचणाऱ्या शौकीची बायको इन्शिराह वारली. चाळिसाव्या दिवसासाठी त्याने एक दिवसाची रजा मागितली. त्या दिवशी माणसं घरी येतात, कुराणपठण होतं, सगळ्यांना बिनसाखरेची कॉफी द्यावी लागते. घरात दुसरं कोणी नव्हतं.

रजा पूर्वी साहेब देत. आता ती मनोबल कक्षातून मिळे. कैरोहून परिपत्रक आलं होतं : आपली इच्छाशक्ती कधीच संपत नाही असं मानणारे लोक सुखी असतात, सबब सर्व कर्मचाऱ्यांनी तसं मानावं व सुखी असल्याचं लेखी कळवावं.

कक्षप्रमुख रिफ्अत यांनी अर्ज पुढ्यात ओढला.

"तुमची इच्छाशक्ती संपते का, काका?"

"संपते. हल्ली सकाळीच संपते."

"संपते असं मानता, म्हणून संपते. म्हणजे थकवा तुम्हीच ओढवून घेतलाय. त्याला रजा नाही."

"मग संपत नाही असं लिहा."

"मग रजा हवी कशाला?"

रांगेतून एक बाई ओरडली, "आटपा हो! इथं आमची संपत आली!"

"हळू बोला, ताई," मागचा म्हणाला. "लिहून घेतील."

अर्जात 'संपते' आणि 'संपत नाही' यांच्यापुढे 'सांगता येत नाही' असा तिसरा रकाना होता. त्याला इच्छाशक्तीचा पुरावा लागे.

"महिन्याभरात एखादी आवडीची गोष्ट सोडलीत?"

शौकीने आठवून पाहिलं. "चहात साखर नाही घेत. आधी चार चमचे घ्यायचो."

रिफ्अत खुर्चीतून उठलेच. "चार चमचे! आणि एकदम बंद?"

"तसं नाही, साहेब. डबा सापडत नाही. इन्शिराह तो कुठं ठेवायची, मला ठाऊकच नाही."

"आणि वर हा विनय!" रिफ्अत यांनी शिक्का मारला. शौकी आदर्श कर्मचारी ठरला. आदर्श कर्मचाऱ्याने सभागृहात भाषण द्यायचं, असा नियम होता. तारीखही ठरलेली होती.

"पण साहेब, त्या दिवशीच तर चाळिसावा!"

"म्हणून तर! लोकांना दिसू दे, माणूस चाळिसाव्यालासुद्धा कामावर येतो."

चाळिसाव्या दिवशी शौकी व्यासपीठावर उभा राहिला. "माझी संपली," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. टाळ्या थांबेनात. ज्याची संपत नाही, तोच अशी थट्टा करू शकतो, असं रिफ्अत यांनी समजावून सांगितलं. अहवालात 'वक्ता सुखी' अशी नोंद झाली. जाताना प्रत्येकाने शौकीचा हात दाबला. "मन घट्ट ठेवा, काका." मग सगळे जेवायला पळाले.

तो घरी पोचला तेव्हा दुपार टळली होती. शेजारची उम्म हिशाम जिन्यातल्या खुर्च्या आवरत होती.

"सगळे आले होते रे भाऊ. तासभर जिन्यात थांबले, मीच कॉफी दिली. सांगून गेलेत, शौकीला म्हणावं, मन घट्ट ठेव."

शौकीने कुलूप काढलं आणि चहाचं आधण ठेवलं.

यंदा तुम्हीही कुणाला तरी हेच सांगून आला असाल. त्याच्या घरी साखरेचा डबा सापडला का, तेवढं विचारलं होतंत?