माया करणारी बेल

"काका, तुमच्या कारखान्यात प्रेम कोणत्या पाळीत तयार होतं?"

माझी मैत्रीण पल्लवीनं पैज लावली म्हणून मी हे विचारलं, तेही थेट निरगुडे साहेबांना! पप्पा त्यांच्या हाताखाली अंबडच्या कारखान्यात दारावरच्या बेल डिझाइन करायचे. २००४ साल, कंपनीचा कौटुंबिक मेळावा. पप्पांना गुलाबजामाचा ठसका लागला.

साहेब हसले नाहीत. "गंभीर त्रुटी आहे," ते म्हणाले. "आपली बेल वाजते, पण माया करत नाही."

सोमवारी माया विभाग स्थापन झाला. प्रमुख पप्पा. बेलमध्ये आईचा आवाज घालायचं ठरलं आणि विभागाकडे उपलब्ध आई एकच होती, माझी. महिनाभर ती स्टुडिओत "आलं का माझं बाळ? दमलं ना? गरम भाकरी वाढते हं!" म्हणत होती. घरी आम्ही ब्रेड खात होतो.

बेल धडाधड खपली. मग तक्रारी आल्या. येवल्याहून सिंधुबाईंचा फोन, "बेल म्हनती भाकरी वाढते, सून म्हनती पीठ नाय. म्या कोनाचं ऐकू?"

समिती बसली. निष्कर्ष असा की बेल निर्दोष असून बिघाड घरात आहे. दार उघडताच ग्राहकाचं भावनिक नातं तुटतं. सबब दार शक्यतो उघडू नये. प्रत्येक बेलसोबत बाहेर बसायला एक घडीचं स्टूल मोफत. खप दुप्पट!

त्याच आठवड्यात आमची शाळा खो-खोत जिल्ह्यात पहिली आली. कॅप्टन मी! कप घेऊन जिने चढले, आमच्याही दारावर लावलेली तीच बेल दाबली.

"आलं का माझं बाळ?"

"आलं! शेवटचा गडी मीच बाद केला!"

"दमलं ना?"

"छे! जरासुद्धा नाही!"

इतकं प्रेमानं कुणी विचारलंच नव्हतं. मी पुन्हा दाबली. पुन्हा दाबली. सगळी मॅच सांगितली.

तेवढ्यात दार उघडलं. आई कडाडली, "बूट बाहेर! आणि बेलचे सेल काय फुकट येतात?"

मागून पप्पा पेन्सिल घेऊन धावले. "थांब तेजू, नेमकं कोणत्या शब्दाला भरून आलं?"

कपाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

हसताय ना? मग आज घरी कुणी आलं की दार उघडून तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता, तेवढं ऐका.

मी स्टूल उघडलं, कप मांडीवर घेतला आणि जाहीर केलं, "आई, पप्पा, मी आजपासून इथेच राहणार. जेवण बाहेर द्या. आणि दार लावून घ्या, आमचं बोलणं चाललंय."