हवालदारांची काचेची भट्टी

कृष्णात हवालदारांचं नानासोच्या बेकरीशी वाकडं आलं ते नानकटाईवरून. दिवाळी तोंडावर आली की साताऱ्यात घरोघरचं मळलेलं पीठ डब्यांतून भट्टीवर जातं. माणसं रांगेत बसतात, गप्पा मारतात, आपापले नानकटाईचे पत्रे भाजून घेतात आणि घरी येतात. गेल्या वर्षी त्या गर्दीत हवालदारांची साजूक तुपातली नानकटाई भलत्याच कुणाच्या डब्यात गेली आणि यांच्या वाट्याला डालड्यातली आली. हवालदारांनी आवाज चढवला.

"आवं हवालदार, ही भट्टी हाय, पलटण न्हाई," नानासो म्हणाला आणि रांग फिदीफिदी हसली.

उभी हयात फौजेत काढलेल्या माणसाला हे कसं सोसावं? हवालदारांनी सगळ्यांदेखत मिशीला हात घातला. "तुज्या बेकरीची पायरी पुन्ना चढलो, तर ह्या मिशा उतरवून दीन!" मिशा साध्यासुध्या नव्हत्या. हवालदार कोपऱ्यावर वळायच्या आधी त्या वळत. रांगेनं ऐकलं म्हणजे पेठेनं ऐकलं. आता मिशी की नानकटाई, असा तो सवाल होता.

यंदा मात्र देव पावला. हवालदारांचा मेहुणा अर्जुना मस्कतला नोकरीला होता. त्यानं येताना हॅलोजनचा ओव्हन आणला. बादलीएवढं काचेचं भांडं, त्यावर जाडजूड झाकण आणि झाकणातच दिवा नि पंखा. बटण फिरवलं की आत लालभडक उजेड पडे आणि पंखा घुंई करून फिरू लागे. हवालदारांची बायको शालूबाई पदर सावरून बराच वेळ बघत राहिली.

"ह्यात भाजतंय, का नुस्तंच दिसतंय?" तिनं विचारलं.

"दिसतंय म्हणूनच भाजतंय. भट्टीत काय चाललंय ते कुणाला कळतंय का?"

त्याच संध्याकाळी हवालदारांनी व्याह्यांना फोन लावला. हवालदारांची लेक राजनंदिनी उन्हाळ्यातच सांगलीजवळच्या बागायतदार आकाराम पाटलांची सून झाली होती आणि जावयाचा, शिवतेजचा, पहिला दिवाळसण यंदा साताऱ्यात होता. "पाव्हणं, भट्टीचा जमाना गेला बगा. आमच्यात मस्कतचं यंत्र आलंय," हवालदार म्हणाले. हे विहीणबाईंनी, म्हणजे बनुबाईंनी, ऐकलं. त्यांनी उलट निरोप दिला, की मग आमचंही पीठ मळून तिकडंच आणतो. हवालदारांनी आनंदानं "आणा की!" म्हटलं. बढाई मारताना माणसाला पिठाचा अंदाज राहत नाही.

"आदी जरा करून तरी बगा," शालूबाई म्हणाली.

"फौजेत चाचणी दुश्मनाम्होरंच घेत्यात."

"पाव्हणं कवापास्नं दुश्मन झालं?"

हवालदार यंत्राची काच पुसायला लागले.

पाहुणे जीपमधून आले. जावई, लेक, व्याही, विहीणबाई आणि पिठाचे दोन टोलेजंग डबे. चहा झाल्यावर सगळे यंत्राभोवती बसले. शालूबाईनं नानकटाया वळल्या, त्यावर एकेक चारोळी दाबली आणि हवालदारांनी बटण फिरवलं. दिवा लागला. पंखा सुटला, आणि त्या वाऱ्यानं चारोळ्या उडून काचेवर ताडताड आपटू लागल्या. मग दिवा आपोआप विझला.

"ग्येला?" आकाराम पाटलांनी हळूच विचारलं.

"न्हाई, न्हाई. इसावा घेतोय. तापला की थांबतोय, निवला की पुन्ना पेटतोय."

"आमच्या शिवतेजवानी हाय की," बनुबाई म्हणाल्या. जावई खाली बघू लागला.

दिवा असा विसावा घेत घेत पेटत राहिला आणि नानकटाया वरून सोनेरी झाल्या, तांबूस झाल्या आणि बघता बघता कोळशाच्या जातीत गेल्या. हवालदारांनी एक उचलली. वरची टोपी हातात आली आणि बुडाचं पीठ जाळीलाच चिकटून राहिलं. उजेड वरून, धग वरून. बुडाचं कुणी बघितलंच नव्हतं.

आकाराम पाटलांनी मात्र दोन उचलून तोंडात टाकल्या, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! येगळीच चव हाय."

हे एक वाक्य हवालदारांना महागात पडलं. बनुबाईंनी लगेच दोन्ही डबे पुढं सरकवले. "मग आता समदंच लावा. आमी वाटंत भावकीला सांगूनच आलोय, की यंत्रावरची नानकटाई वाटणार म्हणून."

आता गेली मिशी! हवालदार उठले, डबे स्वयंपाकघरात नेले आणि दाराशी उभे राहून हुकूम सोडला, "हे नाजूक काम हाय. कुणी आत यायचं न्हाई. वाफ फुटती." दार लावून त्यांनी यंत्र रिकामंच सुरू केलं. बाहेर पंख्याचा आवाज जायला हवा होता. मग डोक्यावर टॉवेल घेतला, एक डबा काखेत मारला आणि परसदारानं निघून थेट नानासोच्या बेकरीची मागची बाजू गाठली.

"हवालदार? तुमी?" नानासोच्या हातातलं फावडंच खाली आलं. "आन् मिशीचं काय?"

"मागल्या दाराला पायरी हाय का? बग नीट."

नानासोनं वाकून बघितलं. पायरी नव्हती. माणूस कायद्याला धरून होता. "बसा मग तिकडं पोत्यावर," तो हसू दाबत म्हणाला. "आणि एक पाव्हणं असंच त्वांड झाकून बसल्यात."

पोत्यावर उपरण्यात तोंड गुंडाळून, मांडीवर डबा घेऊन एक गृहस्थ बसले होते. डबा ओळखीचा वाटला. उपरणं जरा सरकलं आणि हवालदार जागच्या जागी थिजले.

"पाव्हणं, तुमी हितं?"

"पाय मोकळं करून येतो म्हणून निघालो," आकाराम पाटील ओशाळून म्हणाले. "परसदार उघडं दिसलं, तुमी यंत्राकडं त्वांड करून हुता, डबा उचलला. आवं, त्या दोन नानकटाया म्या कशा गिळल्या ते माजं मला ठावं. म्हनलं, आमच्या हिनं एक जरी खाल्ली, तर भावकीत तुमची अब्रू ऱ्हायची न्हाई. गुमान भाजून आणावं आन् डबा जागच्या जागी ठिवावा."

हवालदारांना भरून आलं. असा व्याही मिळायला भाग्य लागतं. दोघांनी भट्टीसमोर हात हातात घेतले आणि यातलं अक्षर बाहेर जाणार नाही, अशी लेकीची नि लेकाची शपथ वाहिली. नानासोला मूठभर नानकटाया जास्त दिल्या, तेव्हा त्यानंही वाहिली.

पुढचं सगळं बिनबोभाट पार पडलं. हवालदार परसदारानं आत शिरले, पाटलांनी आपला डबा खिडकीतून आत दिला आणि ते पुढच्या दारानं आले. दार उघडलं तेव्हा परातभर नानकटाई रचलेली होती. खुसखुशीत, खालून-वरून सारखी. शालूबाईनं नवऱ्याच्या सदऱ्याचा धुरकट वास घेतला, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि परात पाहुण्यांपुढं नेली.

बनुबाईंनी एक तोंडात टाकली. "बगा! ही चव भट्टीला यायची न्हाई!"

"छ्या! भट्टीला कुठली?" हवालदार म्हणाले.

"न्हाईच येत," पाटलांनाही म्हणावं लागलं.

संध्याकाळी जावयाला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि हवालदारांनी घड्याळाची डबी पुढं केली. बनुबाईंनी ती अलगद मागं सारली. "घड्याळं ढीग हायती आमच्यात. पोराला द्यायचंच असंल, तर हे यंत्र द्या. वरीसभर घरच्या घरी भाजू. भावकीचंबी भाजू."

पाटलांचा चेहरा उतरला. "अगं, त्यास्नी लागंल की ते! मस्कतचं हाय, असं मागू नये."

ते व्याह्यांकडं आशेनं बघत होते. हवालदारांनी एक शब्द बोलायचा होता, की बाबांनो, हे भाजत नाही. त्यांना पाटलांची दया आली, खरंच आली. पण मिशीही जागेवरच होती.

"पाव्हणं, लेकीपरीस का यंत्र मोठं हाय?" हवालदार म्हणाले. "बांधा गं ते नीट, काच हाय."

दुसऱ्या दिवशी यंत्र गोधडीत गुंडाळून जीपमध्ये विहीणबाईंच्या मांडीवर बसलं. हवालदार निरोप द्यायला वाकले, तेव्हा आकाराम पाटलांनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला आणि कानाशी लागून म्हणाले, "आवं, आमच्या गावात बेकरीच न्हाई वो!"